वानराची शिकार व मनुष्याची मर्यादा

वानरास मारणें हें पाप आहे काय, असा प्रश्न पेण व रोहें या तालुक्यांतील वाड्यांतून केव्हां ना केव्हां निघतोच. वालाच्या शेंगा वानरांनीं ओरबाडून नेल्या म्हणजे शेतकरी तो प्रश्न रागानें विचारतो. पोर हातांत बेचकी घेऊन झाडाखालीं उभें राहिलें म्हणजे त्याची आई तो भीतीनें विचारते. आणि ज्याच्या घरीं चूल पेटलेली नाहीं तो कोणासही न विचारतां रानाची वाट धरतो. उत्तरें पुष्कळ मिळतात. सरकार म्हणतें, कायद्यानें मनाई आहे. शेजारी म्हणतो, तो मारुतीचा वंश आहे. बागाईतदार म्हणतो, तो चोर आहे. या तिन्ही उत्तरांत कांहीं तथ्य असलें तरी त्यांपैकीं एकानेंही मूळ प्रश्नाचा निकाल लागत नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून वाचकांबरोबर या विषयाचा शांतपणें विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हे प्राणी कोणते तें नीट पाहूं. आपल्या मराठी भाषेनें वानर व माकड असे दोन शब्द राखिले आहेत आणि ते उगाच नाहींत. काळ्या तोंडाचा, राखी अंगाचा, लांब शेपटीचा तो वानर. झाडाचीं पानें, कोंवळे कोंब, फळें व शेंगा यांवर त्याचा निर्वाह चालतो. तांबूस तोंडाचें, अंगानें लहान, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखें दिसणारें तें माकड. माथेरानास गेलेला कोणीही मनुष्य तें ओळखील. वानर भारतांत दूरवर पसरलेले आहेत; परंतु हें टोपीवालें माकड भारताच्या दक्षिण भागावांचून पृथ्वीवर दुसऱ्या कोठेंही रानांत आढळत नाहीं. पश्चिम बाजूस तापी नदी ही त्याच्या मुलखाची उत्तरेकडील हद्द समजली जाते. म्हणजे आपला रायगड जिल्हा, ज्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत असत, तो त्याच्या वतनाच्या उत्तर टोंकाकडे येतो. जगांतील प्राण्यांच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघानें २०२० सालीं या माकडाचें नांव धोक्यांत आलेल्या जातींच्या यादींत घातलें. वानर आपल्या भागांत आजही पुष्कळ आहेत, आणि ते उद्यांच नाहींसे होतील असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जी गोष्ट पुष्कळ दिसते तिचाच हिशेब मनुष्य ठेवीत नाहीं, हा सर्वांचा अनुभव आहे.

आजवर या प्राण्यांस कोणीं राखिलें? मुख्यतः लोकांच्या समजुतीनें राखिलें. गांवोगांवीं मारुतीचें देऊळ आहे, व ज्याच्या देवळापुढें हात जोडावयाचे त्याच्या जातीवर बंदूक रोखण्यास सामान्य मनुष्याचा हात धजत नाहीं. ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. दुसरी गोष्ट तितकी ठाऊक नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यांतील जिल्ह्यांचीं गॅझेटियरें तयार झालीं. त्या काळच्या नोंदींत कातकरी लोकांविषयीं असें लिहिलें आहे कीं, ते रानांतील बहुतेक सर्व प्राण्यांचें मांस खातात, परंतु गाय व तांबूस तोंडाचें माकड या दोहोंस शिवत नाहींत. कारण त्या माकडांत मनुष्याचा आत्मा राहतो, अशी त्यांची समजूत होती. रामाच्या सेनेंत जे वानर व अस्वलें होतीं त्यांपासून आपला वंश चालत आला, असेंही ते सांगत असत. वाचकहो, या नोंदीवर क्षणभर थांबा. ज्या लोकांस गांवानें रानटी म्हणून हिणविलें, ज्यांस रात्रीच्या भाकरीची खात्री नव्हती, त्यांनीं हाताशीं आलेलें मांस आपण होऊन सोडून दिलें. भरल्या पोटीं संयम पाळणें फार कठीण नाहीं. तो रिकाम्या पोटीं पाळणारे लोक आपल्या शेजारींच राहत होते, आणि त्यांस शिकवावयास आपण जातों.

आतां आपल्या मंडळ्यांची स्थिति पाहूं. माकडांत मनुष्याचा आत्मा आहे असें आपण मानीत नाहीं, आणि मारुतीपुढें नारळही फोडीत नाहीं. जुनी भीति गेली, ही गोष्ट आपण चांगली समजतों. परंतु येथेंच एक घसरण आहे. नियमाचें जें कारण सांगितलें जात होतें तें खरें नव्हतें, म्हणून नियमही खोटा, असा तर्क मन फार लवकर करतें. एखाद्या गांवीं एक खोल विहीर असते. तिच्या कांठीं भूत राहतें, असें म्हातारी सांगते, आणि मुलें तिन्हीसांजेनंतर तिकडे फिरकत नाहींत. मूल मोठें होतें, शाळेंत जातें, आणि भूत नाहीं हें त्यास कळतें. तेवढ्यावरून तें अंधारांत विहिरीच्या कांठावर धांवूं लागलें तर काय होईल? भूत नव्हतें, परंतु विहीर खोल आहेच. म्हणून जुनी समजूत टाकणाऱ्या मनुष्यावर एक नवें ओझें येतें: त्या समजुतीच्या खालीं कांहीं खरें होतें काय, हें त्यानें स्वतः शोधून पाहिलें पाहिजे. पूर्वीं जें काम भीति करीत होती तें आतां ज्ञानानें व विवेकानें केलें पाहिजे. नाहींतर भीति जाऊन मनुष्य पूर्वींपेक्षां बरा झाला असें म्हणतां येणार नाहीं.

तर ही विहीर किती खोल आहे तें पाहूं. सर्व प्राण्यांची वाढ सारखी नसते. उंदीर वर्षांत अनेक वेळां वितो. रानडुकरी एका वेतास चार-सहा पिल्लें देते. म्हणून त्यांची शिकार झाली तरी ती भर लवकर निघते. वानराची गोष्ट निराळी आहे. वानरी सुमारें साडेसहा महिने गर्भ वाहते आणि बहुधा एकच पिल्लूं देते. तें वर्षभर तरी तिच्या अंगावर पितें. आणि साधारणपणें दोन वर्षांनीं तिला दुसरें होतें. समजा, एका टोळींत लहानमोठे वीस वानर आहेत, आणि त्यांत आठ माद्या वयांत आलेल्या आहेत. तर वर्षाला चार पिल्लें झालीं. त्यांपैकीं निम्मीं रोगानें, पडून किंवा बिबट्याच्या तोंडीं गेलीं, असें धरलें तर दोन उरलीं. आणि तितकींच म्हातारीं जनावरें वर्षाकाठीं मरतात असें समजलें, तर टोळी होती तितकीच राहते. आतां या टोळीवर कोणी मनुष्य सहा महिन्यांतून एकदां, म्हणजे वर्षांतून केवळ दोन वेळां, गोळी घालूं लागला, तर माद्या कमी झाल्या कीं जन्मही कमी होतात, आणि दहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ती टोळी संपून जाते. मारणाऱ्यास मात्र आपण फार मारिलें असें कधींही वाटत नाहीं. सहा महिन्यांतून एक, त्यांत काय मोठेंसें, असेंच तो म्हणणार. हा हिशेब आम्हीं समजुतीसाठीं मांडिला आहे. परंतु मार्ग हाच आहे.

आणि एक गोळी एकालाच मारते, असेंही नाहीं. पिल्लूं आईच्या पोटाशीं चिकटलेलें असतें. आई पडली म्हणजे तें तिच्याबरोबर पडतें, किंवा दुधावांचून मरतें. टोळीचा मुख्य नर, ज्यास आपण हुप्प्या म्हणतों, तो मारला गेला तर काय होतें, तेंही पाहण्यांत आलें आहे. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत जपानी संशोधकांनीं धारवाडजवळच्या वानरांचें निरीक्षण केलें. त्यांस असें दिसलें कीं, जुन्या नरास हांकून नवा नर टोळींत शिरला म्हणजे तो पुष्कळदां आधींचीं तान्हीं पिल्लें मारून टाकतो. पुढें अबूच्या पहाडावरही तेंच आढळलें. म्हणून दांडगा म्हणून हुप्प्यास टिपणारा मनुष्य त्या टोळीचें एक वर्षाचें संतान आपल्या नकळत बुडवितो. कातकऱ्यांच्या वाडवडिलांस हा हिशेब कोणीं शिकविला नव्हता. परंतु हा प्राणी इतर शिकारीसारखा नव्हे, एवढें त्यांनीं ओळखलें, व आपल्या भाषेंत तें सांगितलें.

कोणी म्हणेल कीं, डोंगर एवढा मोठा आहे, वानर संपतील कसे? याचें उत्तर इतर ठिकाणीं घडून चुकलें आहे. आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना व आयव्हरी कोस्ट या देशांत तांबड्या केसांचें एक मोठें माकड होतें. त्याचें शरीर मोठें व आवाज मोठा, म्हणून शिकाऱ्यास तें सहज सांपडे; आणि त्याचें मांस बाजारांत विकलें जाई. १९७८ नंतर तें जिवंत पाहिल्याचा खात्रीचा दाखला शास्त्रज्ञांस मिळाला नाहीं. त्यांनीं वर्षानुवर्षें शोध केला, आणि २००० सालीं तें नष्ट झालें असावें असें प्रसिद्ध केलें.

आपल्या सह्याद्रीच्याच दक्षिण भागाकडे पाहिलें तर आयाळीचें, सिंहासारख्या शेपटीचें एक काळें माकड आहे. त्यास सिंहपुच्छ म्हणतात. सर्व जगांत तें केवळ कर्नाटक, केरळ व तामिळनाडू यांतील डोंगरांत राहतें, आणि त्याची एकंदर संख्या चार हजारांच्या आंत धरली जाते. कोडगूच्या कांहीं अरण्यांत झाडें उभीं आहेत, फळें लागतात, परंतु शिकारीमुळें हें माकड तेथें अगदीं विरळ झालें, असें पाहणी करणाऱ्यांस आढळलें. निलगिरीच्या काळ्या वानराच्या मागें तर दुसरीच पीडा लागली: त्याच्या मांसाचें रसायन केलें असतां दमा व अशक्तता जाते, अशा समजुतीनें तो पुष्कळ मारला गेला. १९७२ सालीं वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाल्यावर त्याची संख्या पुन्हां सांवरूं लागली. यावरून दोन गोष्टी कळतात. मनुष्यानें हात आंवरला तर प्राणी सांवरतो. परंतु तो अगदींच संपण्यापूर्वीं हात आंवरला पाहिजे.

२०१७ सालीं अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं मिळून माकडें, वानर व त्यांच्या कुळांतील इतर सर्व प्राणी यांची स्थिति तपासली. या कुळांत पांचशेंहून अधिक जाती आहेत. त्यांपैकीं शेंकडा सुमारें ६० जाती नष्ट होण्याच्या धोक्यांत आहेत, आणि शेंकडा सुमारें ७५ जातींची संख्या घटत आहे, असें त्यांनीं लिहिलें. जंगलतोड हें त्याचें मोठें कारण आहे. शिकार हें त्याच्या जोडीचें. झाडें तुटलीं तर तें डोळ्यांस दिसतें. शिकार झाली तर अरण्य दुरून हिरवेंच दिसतें, आणि आंत मात्र आवाज नसतो. १९९२ सालीं एका अमेरिकन शास्त्रज्ञानें अशा अरण्यास रिकामें अरण्य असें नांव दिलें. त्याचें पुढें काय होतें? माकड फळें गालांच्या पिशव्यांत भरून दूर नेतें व बिया टाकून देतें. त्यांतून उद्यांचें झाड उगवतें. बी नेणारा गेला कीं जुनीं झाडें उभीं असतात, परंतु त्यांचीं संतानें कोठें रुजावीं हा प्रश्न पडतो.

येथें आम्ही मूळ नैतिक प्रश्नाशीं येतों. एक प्राणी मारणें आणि एक जात संपविणें या दोन गोष्टींत केवळ संख्येचा भेद आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मरण हें सृष्टीच्या चालरीतींत बसतें. बिबट्या वानर मारतो, आणि त्यास आपण दोष देत नाहीं. एक मेला तर दुसरा जन्मतो. परंतु जात संपली म्हणजे जन्माचेंच दार बंद होतें. जो शेवटचीं दोन मारतो तो दोनच प्राणी मारीत नाहीं, तर पुढें जे जन्मास येणार होते त्या सर्वांस अडवितो. आणि तें दार उघडण्याची शक्ति कोणत्याही राजांत, पंडितांत किंवा धनवानांत नाहीं. मनुष्यानें बिघडविलेल्या पुष्कळ गोष्टी मनुष्यास दुरुस्त करतां येतात. कर्ज फेडतां येतें, भांडण मिटवितां येतें, तोडलेल्या झाडाच्या जागीं रोप लावतां येतें. जी गोष्ट आपणांस करतां आली नाहीं व पुन्हां करतां येणार नाहीं, ती मोडण्याचा अधिकार आपणांस आहे असें म्हणणें हा मोठा उद्दामपणा आहे.

परंतु मनुष्यास प्राण्यांवर सत्ता दिली आहे ना, असें कोणी बंधु शास्त्राच्या आधारानें विचारील. होय, दिली आहे. ती कोणत्या प्रकारची आहे हें पाहण्यास त्याच शास्त्रांत एक लहानसा नियम आहे. वाटेंत पक्ष्याचें घरटें सांपडलें आणि आई पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्लें घेण्यास हरकत नाहीं, परंतु आईला सोडून द्यावें, असें मोशेच्या नियमांत सांगितलें आहे. तेथें घेण्याची मनाई नाहीं. आई व संतान दोन्हीं एकदम घेण्याची मनाई आहे. म्हणजे जेथून पुढची पिढी यावयाची तें मूळ राखून मग आपली गरज भागवावी. सत्ता म्हणजे मालकाची लूट नव्हे, तर कारभाऱ्याचा हिशेब आहे. आणि वानरीच्या बाबतींत आई सोडून पिल्लूं किंवा पिल्लूं सोडून आई घेतां येत नाहीं, हें आम्हीं वर दाखविलेंच आहे.

आतां आक्षेपांचा विचार करूं. कारण ते पोकळ नाहींत.

पहिला आक्षेप भुकेचा. ज्याची पोरें उपाशीं आहेत त्यास जातीच्या रक्षणाची कथा सांगणें निर्दयपणाचें आहे. हें आम्हांस मान्य आहे. कातकरी लोकांचा धंदा खैराचा कात काढण्याचा. त्यावरूनच त्यांस नांव मिळालें. इंग्रज सरकारनें रानें राखीव केलीं, तेव्हां खैर तोडण्यास बंदी झाली आणि त्यांचा धंदा बुडाला. मग ते कोळशाच्या भट्ट्यांवर गेले, आणि आज वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळा संपला कीं पेण व रोहें भागांतील वाड्या ओस पडतात, आणि भट्टीवाल्याची उचल फेडण्यांत सहा महिने निघून जातात. २००६ सालच्या कायद्यानें रानांत राहणाऱ्या लोकांस जमिनीचे व वनोपजाचे हक्क दिले, परंतु शिकारीचा हक्क त्यांतून वगळला. हा नियम योग्य आहे असें आम्ही मानितों. पण ज्याचा एक घास काढून घ्यावा त्यास दुसरा दिला पाहिजे, हाही न्यायच आहे. आणि रान रिकामें कोणीं केलें, याचा हिशेब करतांना गरिबाचें नांव सर्वांच्या वर लिहूं नये. रोहें, मुरूड व अलिबाग यांच्या हद्दींवर फणसाडचें अभयारण्य आहे. तें १९८६ सालीं झालें. त्यापूर्वीं संस्थानाच्या काळीं तें जंजिऱ्याच्या नबाबांचें शिकारीचें रान होतें. तेथें हाकारा उठे तो कोणाच्या भुकेसाठीं नव्हे. तथापि येथेंही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. स्वतःच्या हौसेकरितां कां होईना, तें रान राखलें गेलें, म्हणून आज तेथें शेकरू व वानर आहेत. स्वार्थासाठीं पाळलेली मर्यादा जर इतकें राखते, तर विवेकानें पाळलेली मर्यादा किती राखील?

म्हणून भूक, हौस व व्यापार यांस आम्ही एका तराजूंत घालीत नाहीं. भुकेस शेवट आहे. पोट भरलें कीं ती थांबते. हौसेस शेवट नाहीं, आणि व्यापारास तर मुळींच नाहीं. कारण वस्तु दुर्मिळ झाली कीं तिचें मोल वाढतें, व मोल वाढलें कीं मारणारे वाढतात. दोष सर्वांचा सारखा नाहीं. परंतु हेंही सांगितलें पाहिजे कीं, गोळी कोणत्या हेतूनें सुटली हें वानरांच्या टोळीस विचारतां येत नाहीं. उपाशी मनुष्यानें मारिलें तरी संख्या तितकीच घटते. यास्तव ज्याचें पोट भरलेलें आहे त्याच्यावर दुहेरी कर्तव्य येतें: त्यानें स्वतः मारूं नये, आणि शेजाऱ्यावर मारण्याची पाळी येऊं देऊं नये. वाडींतील मजुरास वेळेवर व पुरी मजुरी देणें हेंही वानराचें रक्षण आहे.

दुसरा आक्षेप मनुष्याच्या थोरवीचा. मनुष्याचें एक मूल हजार माकडांपेक्षां अधिक मोलाचें नाहीं काय? यास खरें उदाहरण आहे. पोलिओ या रोगानें मुलें लुळीं होत असत. त्याची लस तयार झाली तेव्हां ती माकडांच्या मूत्रपिंडांच्या पेशींवर वाढवावी लागे. त्यासाठीं उत्तर भारतांतील माकडें परदेशीं जाऊं लागलीं. १९५० नंतरच्या दशकांत एकेका वर्षांत लाखाहून अधिक गेलीं, आणि त्यांची संख्या पुष्कळ घटली. त्या लशीनें असंख्य मुलें वांचलीं, हें नाकारणारा मनुष्य आपल्या मुलांच्या धड पायांकडे पाहत नाहीं. परंतु पुढें काय झालें तेंही पाहावें. लशीच्या जोडीला इतर प्रयोगांसाठीं, युद्धाच्या शस्त्रांच्या प्रयोगांसाठींही, माकडें वापरलीं जाऊं लागलीं, आणि १९७८ सालीं भारत सरकारनें माकडांची निर्यात बंद केली. लस बंद पडली काय? नाहीं. १९६२ सालीं जपानांत एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून पेशींचा एक वाण तयार केला गेला होता. त्या पेशी प्रयोगशाळेंतच वाढत राहतात, व त्यांवर लस करतां येऊं लागली. यावरून आम्ही असें म्हणतों: खरी गरज असेल तेथें मनुष्याचें मूल आधीं. परंतु गरजेच्या पांघरुणाखालीं सवय, नफा व क्रूरता शिरतात, आणि गरज संपली तरी तीं उठत नाहींत. म्हणून गरज आहे काय, हा प्रश्न एकदां विचारून चालत नाहीं. तो पुन्हां पुन्हां विचारावा लागतो.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि आपल्या भागांत हाच सर्वांत खरा. वाल, पावटा, काकडी, केळी, आंबे, घराचीं कौलेंसुद्धां वानर व माकडें सोडीत नाहींत. कोंकणांतील कित्येक शेतकऱ्यांनीं यापायीं भाजीपाला लावणेंच सोडून दिलें आहे, व माकडांचा बंदोबस्त करावा अशी मागणी वारंवार होते. हें नुकसान खोटें म्हणणारा मनुष्य शेत करीत नसावा. शहरांत बसून वानरांचें कौतुक करणाऱ्यानें त्याचा भार शेतकऱ्यावर लादावा हा न्याय नव्हे. सर्वांनीं राखावयाच्या वस्तूचा खर्चही सर्वांनीं सोसला पाहिजे. परंतु शेत राखणें व जात संपविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राखण, जाळी, कुत्रा, सरकारच्या मार्फत पकडणें, त्यांची पैदास आटोक्यांत ठेवण्याचे उपाय, नुकसानीबद्दल अर्ज: हीं सर्व साधनें अपुरीं असतील, पण तीं योग्य आहेत. गोळीनें तर बहुधा कामही होत नाहीं. एक टोळी मारली कीं रिकाम्या जागीं दुसरी येते. शिवाय हें संकट कांहीं अंशीं मनुष्यानेंच ओढवून घेतलें आहे. घाटांतील रस्त्यावर गाडी थांबवून माकडांस केळीं व बिस्किटें घालणारे धर्मवान लोक त्यांस रान सोडावयास शिकवितात. आणि रानांतील उंबर, भोकर, जांभूळ तोडून टाकल्यावर तीं कोठें जाणार?

एवढ्या विचारानंतर आम्ही कोणत्या निर्णयास आलों, तें साधेपणानें सांगतों. वानरास मारूं नये, हा जुना नियम बरोबर होता, जरी त्याचीं सांगितलेलीं कारणें आपण मानीत नसलों तरी. आज तो सरकारचाही नियम आहे. परंतु केवळ शिपायाच्या भीतीनें पाळलेला नियम शिपाई गेला कीं मोडतो. तो आपला स्वतःचा नियम झाला पाहिजे, आणि तसा होण्यास त्याचें कारण समजलें पाहिजे.

या कामीं गांवांतील उपदेशक व शिक्षक पुष्कळ करूं शकतात. मुलांच्या हातांतील बेचकी हिसकावण्यापूर्वीं वानरीच्या पोटाशीं बिलगलेलें पिल्लूं त्यांस दाखवा, आणि वर सांगितलेला टोळीचा हिशेब पाटीवर मांडून करवून घ्या. मुलें तो लवकर समजतात. माकडाचें मांस किंवा त्यापासून केलेलें म्हणून कोणी औषध विकावयास आणील तर घेऊं नका. विकत घेणारा नसला कीं मारणाराही बसून राहतो. पिकाचें नुकसान झालें तर ज्यास अर्ज लिहितां येतो त्यानें ज्यास येत नाहीं त्याचा अर्ज लिहून द्यावा. आणि वाडींत कोणाची चूल पेटली नाहीं असें कळलें, तर तो रानाकडे जाण्यापूर्वीं आपण त्याच्या दारीं जावें. कातकऱ्यांच्या ज्या म्हाताऱ्या माणसांस आपले जुने नियम अजून आठवत असतील, त्यांच्याजवळ बसून ते ऐकून घ्या. त्यांत कांहीं समजुती आपणांस पटणार नाहींत. तरी रानांतून काय घ्यावें आणि काय तसेंच सोडून द्यावें, याविषयीं त्यांस जें ठाऊक आहे तें आपल्यापैकीं पुष्कळांस अद्याप शिकावयाचें आहे.